मृदू कौशल्ये (खानदेशातील कामाच्या जागा)

मृदू कौशल्ये : यंत्र, हत्यार किंवा हिशेबवहीशी नव्हे, तर माणसांशी काम करताना लागणारी कौशल्ये. समोरच्याचे पूर्ण ऐकून घेणे, काम नेमके समजावून सांगणे, चूक चारचौघांत न काढता बाजूला घेऊन दाखवणे, वाद मिटवणे, वेगळ्या भाषेच्या किंवा वेगळ्या शरीरक्षमतेच्या माणसाला कामात सामावून घेणे ही त्यांची ठळक उदाहरणे. संज्ञा इंग्रजी 'सॉफ्ट स्किल्स'चे शब्दशः भाषांतर असून फारशी सोयीची नाही. मराठीत 'मृदू' म्हटले की गोड बोलणे डोळ्यांसमोर येते, आणि गोड बोलणारा मुकादम मजुरी कापत नाही असे नाही. 'व्यवहारकौशल्ये' हा पर्याय अर्थाला अधिक जवळचा, पण तो रुळला नाही. खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, बोलण्यात 'सॉफ्ट स्किल' हाच शब्द आहे आणि त्याचा अर्थ बहुधा मुलाखतीची तयारी एवढाच घेतला जातो.

संज्ञेचा उगम : याबाबत एकवाक्यता नाही. सर्वसाधारणपणे तो अमेरिकी लष्कराकडे नेला जातो. १९६८ च्या सुमारास तेथील 'काँटिनेंटल आर्मी कमांड'ने प्रशिक्षणाची पद्धतशीर आखणी हाती घेतली. यंत्रांवरच्या कामांचे लहान लहान टप्पे पाडून ते शिकवणे जमले; तुकडीचे नेतृत्व, देखरेख, समुपदेशन ही कामे मात्र त्या साच्यात बसेनात. डिसेंबर १९७२ मध्ये टेक्सासमधील फोर्ट ब्लिस येथे खास याच विषयावर परिषद भरली. यंत्राशी फारसा संबंध नसलेली आणि अनेक प्रकारच्या प्रसंगांत उपयोगी पडणारी, कामाशी निगडित कौशल्ये अशी तात्पुरती व्याख्या तिच्यापुढे होती. पॉल व्हिटमोर यांनी लष्करी प्रशिक्षणशाळांकडून आलेली मते तपासून काढलेला निष्कर्ष जास्त बोलका आहे : ज्या कामांविषयी आपल्याला पुष्कळ माहिती असते त्यांना आपण 'हार्ड' म्हणतो आणि ज्यांविषयी फार थोडी असते त्यांना 'सॉफ्ट'. म्हणजे फरक कौशल्याच्या जातीचा कमी, आपल्या माहितीचा जास्त.

दुसरे मत उगम १९१८ पर्यंत मागे नेते. त्या वर्षी चार्ल्स रिबोर्ग मान यांचा अभियांत्रिकी शिक्षणावरील अहवाल कार्नेगी फाउंडेशनने प्रसिद्ध केला. अभियंत्याला यश कशामुळे मिळते या प्रश्नावर अभियंत्यांनीच चारित्र्य, निर्णयबुद्धी, कार्यक्षमता व माणसांची समज यांना वरचे स्थान दिले होते. तंत्र सर्वांत शेवटी आले. 'यशाचा ८५ टक्के वाटा मृदू कौशल्यांचा' हे प्रशिक्षणवर्गांच्या फलकांवर झळकणारे वाक्य सहसा याच अहवालाच्या नावावर खपवले जाते. मान यांनी गोळा केली ती मते होती, यशाचे मोजमाप नव्हे, आणि ही संज्ञाही त्यांनी वापरलेली नाही. त्यामुळे कल्पना जुनी व नाव लष्करी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. लष्करी उगमाचा एक धागा पुढे हरवला : मूळ यादी हुकूम सोडणाऱ्यांच्या कामांची होती, नोकरी मागणाऱ्यांच्या गुणांची नव्हे.

भारतात : जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ च्या सुमारास मांडलेली दहा जीवनकौशल्ये, २०१३ चा राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा (यातील पाच निकषांपैकी एक 'गाभा कौशल्य') आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१९ चा 'जीवन कौशल' हा पदवीस्तरीय अभ्यासक्रम या वाटेने विषय वर्गात आला. आयटीआयमध्ये तो 'एम्प्लॉयबिलिटी स्किल्स' या नावाने शिकवतात. रोख सर्वत्र उमेदवारावर आहे.

भाषेचा प्रश्न : खानदेशातील कामाच्या जागी कोण आत आणि कोण बाहेर, हे पुष्कळदा भाषेवरून ठरते. घरी अहिराणी, लेवा बोली, गुजरी, तडवी, भिल्ली किंवा पावरी. साहेबाची प्रमाण मराठी. यंत्रावरच्या सूचना इंग्रजी किंवा हिंदीत. अहिराणीच्या स्थानाविषयीचा जुना वाद इथे उपयोगी पडतो. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषा पाहणीच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, भिल्ली भाषांच्या शेजारी बसवले आणि तिचे गुजरातीशी नाते दाखवले. मराठी अभ्यासकांचा कल तिला मराठीची बोली मानण्याकडे राहिला. जनगणनेत खानदेशी स्वतंत्रपणे नोंदली जाते. 'ले' हा चतुर्थीचा प्रत्यय (माले, तुले) आणि 'ना-नी-नं' ही भूतकाळी रूपे पाहता तिला 'अशुद्ध मराठी' म्हणण्यास कोणत्याही पक्षाकडे आधार नाही. तिचे स्वतःचे व्याकरण आहे.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. नवीन कामगाराला मशीन दाखवून पर्यवेक्षक विचारतो, 'समजलं का?' 'माले समजनं नही' हे वाक्य ओठांवर असते, पण ते उच्चारले तर गावंढळ ठरू या भीतीने मान डोलावली जाते, आणि पुढे बोट किंवा माल यांपैकी काहीतरी जाते. पर्यवेक्षकाने 'समजलं का' ऐवजी 'आता तू करून दाखव, तुझ्याच बोलीत सांग' म्हटले, तर गोष्ट तिथेच उघड होते. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या पावरा किंवा भिल्ल तरुणाबाबत अडचण दुहेरी असते, कारण त्याला अहिराणीही परकीच. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, तेव्हा हा अपवादाचा विषय नव्हे.

संबोधन हाही भाषेचाच भाग. खानदेशात वडीलधाऱ्याला नावाने हाक मारत नाहीत. आबा, आप्पा, नाना, तात्या, बापू यांपैकी काहीतरी लागतेच. गेटवरच्या पहारेकऱ्यालाही 'नाना' मिळते. पण त्याच आवारात पन्नाशीच्या आदिवासी मजुराला नुसते 'ए' आणि हमाली करणाऱ्या बाईला 'ए बाई' ऐकू येते. हाक बदलण्याला खर्च नाही, तरी ती सर्वांत उशिरा बदलते.

नंदुरबारच्या मिरची पथारीवर हे जवळून दिसते. ओली लाल मिरची मोकळ्या मैदानात वाळत पसरलेली. कडेला ओळीने बसलेल्या बायका तोंडाला पदर किंवा रुमाल बांधून देठ खुडतात, बोटांची आग होत असते, खोकला चालूच असतो. मजुरी वजनावर असेल तर दिवसाचा सगळा हिशेब संध्याकाळच्या काट्यावर येऊन ठेपतो. मुकादमाने टोपली काट्यावर ठेवून आकडा मोठ्याने उच्चारला आणि वहीत लिहिलेला जिचा तिला दाखवला, तर घासाघीस उरत नाही. आकडा मनातच ठेवला, तर अक्षरओळख नसलेल्या बाईने विचारायचे कसे? या कौशल्याला अभ्यासक्रमात नाव नाही.

पूर्वपीठिका : शेतीत सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, ठेवण्याची पद्धत जुनी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवे साल धरले जाई आणि करार सगळा तोंडी. बोलणी करण्याचे कौशल्य दोघांना लागे, पण वजन एकाच बाजूला. १९७२ मध्ये, फोर्ट ब्लिसच्या परिषदेच्याच वर्षी, शहाद्यात श्रमिक संघटना स्थापन झाली व भिल्ल शेतमजूर मजुरी आणि जमिनीच्या प्रश्नावर एकत्र बोलू लागले. या चळवळीला मृदू कौशल्यांच्या इतिहासात कोणी धरत नाही. धरावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

कायद्याची चौकट : लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याप्रमाणे (२०१३) दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते, त्याहून लहान ठिकाणच्या, तसेच तक्रार मालकाविरुद्धच असलेल्या स्त्रियांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. पथारी, शेत, घरकाम हेही या कायद्याच्या कक्षेत येतात. दिव्यांग हक्क कायदा (२०१६) २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानतो आणि प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायला सांगतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ पुष्कळदा बैठकीची जागा वरच्या मजल्यावरून खाली आणणे, किंवा कर्णबधिर सहकाऱ्याशी बोलताना तोंडावरचा रुमाल काढणे इतका लहान असतो.