पार्श्वभूमी : महापालिकेची नोकरी आणि कागदावर नसलेला करार

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते. आपल्या भागात ते कधी सुटणार, हे चावीवाल्याला, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला, विचारावे लागते. कोणता व्हॉल्व्ह किती फिरवला की चढावरच्या घरांना दाब मिळतो, जुनी वाहिनी नेमकी कुठे वळते, यातले बरेचसे नकाशात नसते, त्याच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की त्याची जागा भरता येते, पण त्याला ठाऊक असलेले सगळे त्याच्याबरोबर जाते. अवेक्षक, लेखापाल, आरोग्य निरीक्षक यांचेही तेच. अशी माणसे टिकतात कशावर?

अमेरिकी अभ्यासक ख्रिस आर्गिरिस यांनी 1960 मध्ये कारखान्यातील फोरमन आणि कामगारांच्या अशाच एका अलिखित समजुतीला ‘मानसशास्त्रीय करार’ म्हटले. फोरमनने उठसूट नाक खुपसायचे नाही, पुरेसा पगार आणि नोकरीची हमी सांभाळायची. कामगारांनी उत्पादन घसरू द्यायचे नाही, तक्रारी वाढवायच्या नाहीत. पुढे 1989 मध्ये डेनीज रूसो यांनी या कल्पनेला आजचे वळण दिले. करार कर्मचाऱ्याच्या मनात असतो आणि तो मोडल्याचे त्याला वाटले की निष्ठा आटते, मग वरिष्ठांच्या लेखी तसे काही ठरलेले नसले तरी. त्यांनी दोन प्रकारही सांगितले : मुदत आणि मोबदला ठरवून केलेला व्यवहाराचा करार, आणि वर्षानुवर्षांच्या भरवशावर चालणारा नात्याचा.

सोलापूरची नगरपालिका 1852 ची, महापालिका 1964 ची. याच नगरपालिकेने 6 एप्रिल 1930 रोजी आपल्या इमारतीवर तिरंगा फडकवला होता, हे इथे शाळकरी पोरही सांगते. पण नोकरी म्हणून तिची किंमत वाढवली ती गिरण्यांनी, त्याही बंद पडून. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी एकेक करून थंडावल्या, तशी ‘पालिकेत चिकटला’ या वाक्याला लग्नाच्या बाजारात वजन आले. पगार डोळे दिपवणारा नव्हता. पण नोकरी कायम, शेवटी पेन्शन, पदोन्नती रखडली तरी ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी, आणि सफाई कामगारांच्या घरात शासनाने नेमलेल्या लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे वारसाला काम. हा सरळसरळ नात्याचा करार होता. त्याची दुसरी बाजू झाकू नये : वारसा हक्काने घराला आधार दिला, तसे पुढच्या पिढीलाही झाडूशी बांधले.

या कराराला पहिला मोठा तडा सोलापुरात गेला नाही. राज्य शासनाने 1 नोव्हेंबर 2005 पासून नव्या नेमणुकांची जुनी पेन्शन बंद केली. स्थानिक संस्थाही पुढे त्याच वाटेने गेल्या. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, 10 एप्रिल 2006 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने उमादेवी खटल्यात सांगितले की नियमबाह्य नेमणुकांना केवळ बरीच वर्षे काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच असेल. रोजंदारीवर राबणाऱ्याची ‘आज ना उद्या कायम होऊ’ ही आशा मात्र तिथेच विझली. मार्च 2023 मध्ये राज्यभर ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संप झाला, त्याचे मूळ 2005 मध्ये आहे.

पैशाची बाजूही बदलली. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, 1 ऑगस्ट 2015 पासून बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. हाताशी रोज येणारा पैसा संपून शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावण्याची वेळ आली. त्यात आस्थापना खर्च, म्हणजे मुख्यतः पगार-भत्ते, 35 टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट. मग कामे मक्तेदाराकडे, माणसे मानधनावर. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत सोलापूर आले आणि तांत्रिक माणसांची गरज वाढली. पण इथे शिकलेला अभियंता तोवर हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठायला सरावला होता. त्याला थांबवायला मुदतीची ऑर्डर पुरत नाही. माझ्या मते खरी गफलत इथेच आहे : करार व्यवहाराचा द्यायचा आणि रात्री दोनला पाइप फुटला की निष्ठा नात्याची मागायची.

पैसा हे सगळ्याचे उत्तर नाही, हे जिल्हा परिषदेच्या बाजूने पाहिले तर दिसते. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या रकमेतील अर्धी त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटली. पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठीची रजा आणि प्रतिनियुक्तीच्या काळातील हजेरी यांवरून वाद झाला, आणि जुलै 2022 मध्ये त्यांनी राजीनामा सादर केला. बरोबर कोण होते, हा इथे मुद्दा नाही. प्रशासनाला हजेरीपट दिसत होता, शिक्षकाला आपले काम. ही तफावत रूसो यांच्या मांडणीत चपखल बसते.

आणखी एक अडचण खास आपल्याकडची. या करारात शब्द द्यायचा कोणी? आयुक्त शासनाकडून येतात आणि बदली होऊन जातात. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आले, आणि त्यांच्या काळात सभागृहात दाद मागण्याची सोयही थांबली. ‘साहेबांनी शब्द दिला होता’ असे सांगायला गेलेल्या कर्मचाऱ्यापुढे बहुधा नवे साहेब बसलेले असतात, आणि त्यांनी स्वतः खरेच तसा शब्द दिलेला नसतो. दरम्यान वरची जागा ‘प्रभारी’ म्हणून त्यालाच सांभाळावी लागते : जबाबदारी पूर्ण, वेतनश्रेणी जुनी.