आरसी गाडीतील मोटर व ड्राइव्हट्रेन अपग्रेड

रेडिओ-नियंत्रित म्हणजेच आरसी गाडीची मूळ मोटर काढून जास्त ताकदीची बसवणे, आणि ती ताकद काही न तुटता चाकापर्यंत पोहोचावी म्हणून पिनियन (मोटरीच्या शाफ्टवरचा लहान गिअर), स्पर गिअर (त्याला जुळणारा मोठा गिअर), डिफरन्शिअल किंवा डिफ (दोन बाजूंची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच), शाफ्ट व बेअरिंग बदलणे, याला या छंदात अपग्रेड म्हणतात. प्रस्तुत नोंद १/१० आणि १/८ मापाच्या (खऱ्या गाडीच्या दहाव्या व आठव्या हिश्श्याच्या), बॅटरीवर चालणाऱ्या ऑफरोड गाड्यांपुरती आहे. गाडी जिथे चालवायची ते ठिकाण विदर्भातले गाव धरले आहे: काळी माती, मुरमाचा पांदण रस्ता, पऱ्हाटी उपटलेले वावर आणि मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जाणारा पारा. थंड हवेच्या देशांत छापलेली गिअरिंगची कोष्टके इथे जशीच्या तशी वापरली की मोटर जळते. इथल्या अपग्रेडमध्ये वेगाआधी उष्णतेचा विचार करावा लागतो.

कामाचा क्रम

मूळ गाडीत बहुधा ५४० मापाची ब्रश असलेली मोटर असते. तिचा जोर बेताचा असल्याने प्लास्टिकचे गिअर टिकतात. ब्रशलेस (आत घासणारे ब्रश नसलेली) मोटर तोच जोर कित्येक पटींनी आणि थ्रॉटल दाबताक्षणी देते. मग जो भाग सर्वांत कच्चा तो तुटतो, तो बदलला की त्याच्या पुढचा. १/१० च्या फोर-व्हील गाडीत आधी स्परचे दात झडतात, मग शाफ्टची टोके फाटतात, त्यानंतर डिफमधला मोठा दातेरी चक्का सोलतो. म्हणून खरेदी चाकाकडून मोटरीकडे यावी: आधी स्टीलचे शाफ्ट व डिफचे कप (ज्यांत शाफ्टची टोके बसतात), मग डिफ, मग स्पर-पिनियन आणि सर्वांत शेवटी मोटर व ईएससी (मोटरीचा वेग नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र). बहुतेक जण मोटर आधी घेतात आणि दुसऱ्याच दिवशी गाडी कपाटात ठेवून सुटे भाग पार्सलने येण्याची वाट पाहतात.

केव्ही, व्होल्ट आणि उन्हाळा

ब्रशलेस मोटरीवरचा केव्ही आकडा म्हणजे एका व्होल्टला, बिनलोड, मिनिटाला किती फेरे. किलोव्होल्टशी त्याचा संबंध नाही. ३२०० केव्हीची मोटर ३एस लायपो (ओळीने जोडलेल्या तीन सेलच्या लिथियम-पॉलिमर) बॅटरीवर, म्हणजे ११.१ व्होल्टवर, ३५,५२० फेरे घेते. स्पर ५४ दातांचा, पिनियन १३ चा आणि डिफमधला जोड १३–३७ दातांचा असेल तर एकूण गुणोत्तर ११.८२ येते. ११० मिमी व्यासाच्या चाकावर हिशेबाचा वेग ताशी ६२ किमी होतो. प्रत्यक्षात काही कमीच मिळतो. पिनियन १५ दातांचा केला तर हिशेब ७२ किमीवर जातो.

हे दोन दात स्वस्तातला वेग वाटतात, पण त्यांची किंमत मोठी आहे. तेवढ्याच चढावर मोटरीला सुमारे १५ टक्के जास्त प्रवाह ओढावा लागतो. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती ३३ टक्क्यांनी वाढते. त्यात हवामानाची भर. मोटर हवेपेक्षा ५५ अंशांनी तापत असेल, तर जानेवारीच्या दुपारी २५ अंशांत ती ८० वर थांबते; तीच गाडी, तेच गिअर, मे महिन्यात १०० वर जातात. तांबे दर १० अंशांना सुमारे ४ टक्के जास्त रोध दाखवते, त्यामुळे गरम मोटर अधिकच तापत जाते. चुंबक एकदा अति तापून कमजोर झाला की थंड झाल्यावरही पूर्ववत होत नाही. गाडी चालते, पण तिचा जीव गेलेला असतो.

मोटरीच्या डब्यावर ८० अंश ही मर्यादा धरावी, कारण आतली वाइंडिंग त्याहून गरम असते. इन्फ्रारेड तापमापक नसेल तर बोट टेकवून पाहावे: पाच सेकंद टिकत नसेल तर गाडी सावलीत थांबवायची. नवे गिअरिंग पहिल्यांदा पाहताना दर तीन मिनिटांनी थांबून तपासावे. मार्च ते जून पिनियन दोन दातांनी लहान ठेवणे हा साधा उपाय आहे.

खरा उपाय मात्र कमी केव्ही आणि जास्त सेल हा आहे. २४०० केव्हीची मोटर ४एसवर, १४.८ व्होल्टला, नेमके तेच ३५,५२० फेरे देते. १२०० वॉटसाठी ३एसवर १०८ अँपिअर लागतात, ४एसवर ८१. सारख्याच रोधाच्या तारेत ही उष्णता जवळजवळ ४४ टक्क्यांनी घटते. याउलट ३२०० केव्हीच्याच मोटरीला ४एस लावले तर पूर्ण चार्जवर, १६.८ व्होल्टला, ती ५३,००० च्या वर जाते. या मापाच्या बहुतेक चारपोली (चार चुंबकध्रुवांच्या) मोटरींना ५०,००० च्या आसपासची मर्यादा असते. १/८ गाडीत ४२७४ मापाची (४२ मिमी व्यास, ७४ मिमी लांबी) मोटर ६एसवर चालवायची असेल तर २००० केव्हीच्या वर जाऊ नये.

जळालेली ब्रशलेस मोटर तालुक्याच्या पंप-रिवाइंडिंगच्या दुकानात भरून घेण्यात अर्थ नाही. अरुंद खाचांत मोजक्या वेढ्यांची, अनेक पदरी तार घट्ट बसवावी लागते. एक वेढा चुकला तरी तिन्ही फेज सारख्या राहत नाहीत. लेथवर अ‍ॅल्युमिनियमचा मोटर माउंट मात्र उत्तम बनतो.

पिनियन आणि मेश

पिनियन घेताना भोक आणि दातांचे माप, दोन्ही पाहावे. ५४० मापाच्या मोटरीचा शाफ्ट ३.१७ मिमी असतो, मोठ्या मोटरींचा ५ मिमी. १/१० ऑफरोडमध्ये बहुधा ०.८ मॉड्यूल या मापाचे (किंवा त्याला जवळजवळ जुळणारे ३२ पिच), १/८ मध्ये १ मॉड्यूल दात असतात. ०.८ चा पिनियन १ मॉड्यूलच्या स्परवर फिरतो आणि काही सेकंदांत दात झाडतो.

शाफ्ट थिनरने पुसून कोरडा करावा. पिनियनचा ग्रब स्क्रू (बिनटोपीचा छोटा स्क्रू) शाफ्टच्या सपाट भागावरच बसवावा, आट्यांना निळा थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एक थेंब. लाल लावला तर पुढे स्क्रू काढायला आच द्यावी लागते. माउंटचे एम३ स्क्रू मोटरीत किती खोल जातात ते आधी मोजावे. लांब स्क्रू वाइंडिंगला टेकून शॉर्ट होतो. वायसर लावून लांबी कमी करता येते.

मेशसाठी, म्हणजे दोन गिअरच्या दातांची पकड नेमकी बसवण्यासाठी, वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरमध्ये घालून मोटर दाबून धरावी, स्क्रू कसावेत, मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढावी. तिच्यावर दातांच्या घड्या उमटल्या पाहिजेत, पट्टी फाटता कामा नये. त्यानंतर स्पर पूर्ण एक फेरा फिरवून चार ठिकाणी किंचित ढिलाई जाणवते का पाहावे, कारण प्लास्टिकचा स्पर क्वचितच अगदी गोल असतो. घट्ट मेश किंचाळतो आणि मोटर तापवतो. सैल मेश उडीनंतर जमिनीवर आपटताच दात उडवतो.

डिफ, शाफ्ट, चाके

डिफमध्ये सिलिकॉन तेल भरतात. खडबडीत वावरासाठी पुढे १०,००० सीएसटी (तेलाच्या घट्टपणाचे एकक), मागे ५,००० ते ७,००० हा चांगला आरंभ आहे. मधला डिफ असेल तर त्यात याहून बरेच घट्ट. तेल आतला आडवा पिन जेमतेम झाकेल इतकेच ओतावे, दहा मिनिटे बुडबुडे निघू द्यावेत, वर फुगायला जागा ठेवावी आणि झाकणाचे स्क्रू आडव्या-तिरप्या क्रमाने कसावेत. इंजिन ऑइल घालू नये: ते फार पातळ असते, झिरपते, आणि एक चाक हवेत उचलले की सगळी ताकद त्याच चाकात वाया जाते. डिफचा चक्का हलत असेल तर ०.१ किंवा ०.२ मिमीचे शिम (पातळ चकत्या) घालावेत. इथे चूक झाली की स्टीलचे गिअरही सोलतात.

ज्या गाडीत स्लिपर क्लच (हिसका आला की घसरून गिअर वाचवणारा) आहे तिथे नट पूर्ण कसून अर्धा ते पाऊण फेरा सोडावा. स्लिपर फार घट्ट असेल तर उडीचा सगळा हिसका स्परवर येतो.

चाकाचे टायर रिमला झटपट गोंदाने पूर्ण वर्तुळात चिकटवावेत. ताकद वाढली की टायर फुगून व्यास वाढतो, गुणोत्तर आपोआप जड होते. आतून धाग्याची टेप लावल्यास हे बरेच थांबते.

ईएससी, जोडण्या, चार्जिंग

१/१० ला १२० अँपिअर, १/८ ला १५० अँपिअर वर्गाचा ईएससी पुरतो. बॅटरीवरचा सी आकडा (क्षमतेच्या किती पट प्रवाह ती देऊ शकते तो) छापल्याच्या अर्धा समजावा. ६० वॉटचा सोल्डरिंग आयर्न हवा; रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा २५ वॉटचा जाड तार तापवू शकत नाही, झाळ वरून चकाकते आणि आत पोकळ राहते. मग तोच प्लग वितळतो. कटऑफ (ज्या व्होल्टला ईएससी मोटर थांबवतो) प्रतिसेल ३.४ व्होल्ट ठेवावा. वेगाची गाडी सोडण्याआधी फेलसेफ तपासावा: रिमोट बंद केला की गाडी थांबली पाहिजे. गावात रस्त्यावर गुरे आणि मुले असतात.

वीज गेल्यावर ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर डीसी चार्जर चालतो. ५००० एमएएचच्या ३एसला ५ अँपिअरने भरताना तो ५ ते ६ अँपिअर ओढतो. लायपो टिनाच्या छपराखाली ठेवू नये, गाडीतून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जला लावू नये. फुगलेला पॅक वापरातून बाद करावा. आठवडाभर चालवायची नसेल तर प्रतिसेल ३.८ व्होल्टवर ठेवावी.

माती, पऱ्हाटी, कापूस

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. भेगेत पुढचे चाक अडकले की जोर थेट शाफ्टवर येतो. पावसाळ्यात तिचा गोळा रिमच्या आत दाटतो, चाक जड होते, प्रवाह वाढतो. असा चिखल पाण्याच्या जोरदार धारेने धुऊ नये, बेअरिंगमध्ये घुसतो. वाळू द्यावा आणि ब्रशने झाडावा. शक्यतो धातूच्या झाकणाऐवजी रबरी सीलची बेअरिंग घ्यावीत.

वेचणीनंतरच्या वावरात धुऱ्याजवळ पऱ्हाटीचे खुंट राहतात, ते सस्पेन्शन आर्म मोडतात. आणि कापसाचे तंतू? ते ईएससीच्या छोट्या पंख्याच्या दांड्याभोवती गुंडाळतात, पंखा हळू होतो, मग थांबतो. गाडी उष्णतेने बंद पडते आणि दोष मोटरीला दिला जातो. अशा वावरात चालवून आल्यावर पंखा बोटाने फिरवून पाहावा, चाकांच्या हेक्समागचे (चाक बसवण्याच्या षटकोनी तुकड्यामागचे) तंतू चिमट्याने ओढून काढावेत. ते बेअरिंगच्या सीलखाली गेले की ग्रीस शोषून घेतात, आणि कोरडे बेअरिंग कुरकुर करू लागते.