पदवी जळगावची, शिक्का दिल्लीचा

खान्देशातल्या मुलाची परदेशवारी ठरली की घरात एक फ्रेंच शब्द शिरतो: अपोस्टिल, म्हणजे आपला कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर लागणारा सरकारी शिक्का. त्याच्या मागे बरीच जुनी अडचण आहे.

पूर्वी परदेशात कागद चालवायचा तर सह्यांची साखळीच लागे. विद्यापीठाची सही खरी असल्याचं राज्य सरकार सांगणार, राज्याची सही परराष्ट्र मंत्रालय ओळखणार, मंत्रालयाची त्या देशाचा दूतावास. ही साखळी तोडण्यासाठी ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग इथे करार झाला. सदस्य देशांनी एकमेकांचा एकच शिक्का मानायचा, दूतावासाची पायरी नको. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला, म्हणजे तब्बल चार दशकं उशिरा. तोवर परदेशात गेलेल्या एका अख्ख्या पिढीने दूतावासांच्या रांगा सोसल्या. अमिराती आजही करारात नाहीत, त्यामुळे दुबईला जाणाऱ्याची ती रांग सुटलेली नाही. सौदी अरेबिया २०२२ मध्ये आला, कॅनडात जानेवारी २०२४ पासून करार लागू झाला.

एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे. अपोस्टिल म्हणजे पदवीच्या दर्जाची हमी नव्हे. सही, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि मोहोर खरी आहे, एवढंच तो शिक्का सांगतो.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे, आणि त्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. जळगावचं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालं. त्याआधी जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत शिकलेल्यांच्या पदव्या पुणे विद्यापीठाच्या, म्हणून त्यांच्या पडताळणीसाठी आजही पुणं गाठावं लागतं. दहावी-बारावीचं बोर्ड नाशिकला. २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. आम्हा खान्देशी माणसांना त्याचा मनापासून अभिमान आहे. पण त्या सुमारास शिकलेल्याच्या मार्कशीटवर एक नाव आणि पदवीवर दुसरं असू शकतं. परक्या देशातल्या कारकुनाला ती दोन विद्यापीठं वाटली, तर त्याला दोष कसा देणार? नामांतराचा खुलासा करणारं पत्र फाईलमध्ये आधीच असलेलं बरं.

आणि हौसेने केलेलं लॅमिनेशन! शिक्का मूळ कागदाच्या मागे लागतो. कागद प्लॅस्टिकमध्ये बंद असेल तर पहिल्याच खिडकीवर अडतो.