ब्रेक किती ओरडतो यापेक्षा कधी ओरडतो ते सांगा

"ब्रेकमधून फार मोठा आवाज येतोय," असं गॅरेजमध्ये सांगून मेकॅनिकच्या हाती फारसं काही लागत नाही. त्याला हवा असतो आवाजाचा मुहूर्त: पेडल दाबल्यावरच येतो, की पाय काढल्यावरही? सकाळी येतो, की घाट उतरल्यावर? ब्रेकचा सगळ्यात कर्कश आवाज पुष्कळदा निरुपद्रवी असतो. धोक्याचा आवाज उलट दबका आणि खरखरीत.

पावसाळ्यातला सातारा घ्या. गाडी रात्रभर भिजत उभी असते आणि सकाळी पोवई नाका येईपर्यंत पहिल्या दोन-चार ब्रेकला खर्र खर्र होतं. चाकाबरोबर फिरणारी डिस्क बिडाची असते आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणारे पॅड घासतात त्या भागावर रंग नसतो, त्यामुळे एका रात्रीत तिच्यावर तांबूस गंज चढतो. पॅड तो खरवडून काढतात आणि आवाज थांबतो. यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

'चीं' हा आवाज वेगळा. हलका ब्रेक लावला की पॅड डिस्कवरून सलग सरकत नाही. क्षणभर चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं. फळ्यावर खडू किंचाळतो तो याच कारणाने. ही थरथर डिस्कच्या आणि पॅड धरून दाबणाऱ्या कॅलिपरच्या नैसर्गिक कंपनांशी जुळली की डिस्कच वाजू लागते, सेकंदाला हजारो वेळा. कंपन डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक असतं. पण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या आसपास आपला कान सगळ्यात तिखट असतो, म्हणून ते चौकभर ऐकू जातं. पॅडच्या पाठीमागची शिम, म्हणजे थरथर शोषणारी पातळ चकती, बसवली, योग्य जागी ब्रेकचं ग्रीस लावलं, की बऱ्याचदा काम भागतं. सफाई करताना मात्र हवेच्या प्रेशरने धूळ उडवू देऊ नका, ती सगळ्यांच्या फुप्फुसात जाते.

गंमत म्हणजे हाच किंचाळा काही पॅडमध्ये मुद्दाम ठेवलेला असतो. नव्या पॅडचा घासणारा थर साधारण १० मिलिमीटर असतो. तो २-३ मिलिमीटरवर आला की पोलादाची एक पट्टी डिस्कला टेकते. हा आवाज ब्रेक न लावताही येतो, चाकाच्या वेगाबरोबर वाढतो आणि पेडल दाबलं की बदलतो किंवा थांबतो. तो ऐकूनही गाडी दामटली, तर थर संपून मागची लोखंडी प्लेट डिस्कवर घासते. मग घर्र असा जाड आवाज येतो आणि पायालाही जाणवतो. तेव्हा गाडी जागेवर ठेवून मेकॅनिकला बोलवावं. पॅडचा खर्च आता डिस्कपर्यंत गेलेला असतो, पण खरी काळजी गाडी थांबेल का याची.

आता पसरणी घाट. पाचगणीहून वाईला उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. १,२०० किलोची गाडी धरली तर सुटणारी ऊर्जा साधारण ६५ लाख ज्यूल; एवढ्यात २० लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. हवेचा विरोध आणि इंजिन यांनी वाटा उचलला नाही, तर सगळी उष्णता ब्रेकवर. पॅड तापून वरून काचेसारखे गुळगुळीत होतात, जळका वास येतो, पकड कमी होते आणि खाली आल्यावर चीं सुरू. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर ठेवून पाय काढला की इंजिनाचं पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र ते जळत राहतं. सेकंड-थर्डवर उतरा, आणि खाली आल्यावर तापलेल्या चाकांवर पाणी मारू नका.

खडी टाकलेल्या रस्त्यानंतर अचानक सलग चरचर सुरू झाली, तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकलेला असतो. थोडं रिव्हर्स घेतलं की कधी कधी तो पडतो.

ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबल्यावर पायाखाली थडथड आणि करकर झाली, तर तो बिघाड नाही. चाक लॉक होऊ नये म्हणून एबीएसचे, म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग यंत्रणेचे, व्हॉल्व्ह उघडमीट करत असतात. आपल्याकडे नव्या कारना एबीएस २०१९ पासून सक्तीचं आहे, तरी हा आवाज ऐकून दचकून पाय उचलणारे पुष्कळ. तेव्हा पाय तसाच दाबून ठेवायचा असतो, गाडी थांबेपर्यंत.