बफर वेगळं, इको-सेन्सिटिव्ह झोन वेगळा

“आमचं गाव बफरमध्ये गेलं, आता बांधकामबंदी.” व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला असलेल्या कुठल्याही तालुक्यात हे वाक्य कानावर पडतं. वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर ते छापून येतं आणि जमिनीचे दलाल ते रोज वापरतात, कधी भाव पाडायला तर कधी चढवायला. वाक्य चुकीचं आहे. बांधकामावर अटी येतात त्या इको-सेन्सिटिव्ह झोनच्या, म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवलेल्या पट्ट्याच्या, अधिसूचनेतून, आणि तो झोन वेगळ्याच कायद्यातून येतो. हा घोळ फक्त शब्दांचा असता तर सोडून देता आला असता. पण त्यापायी कुणी आपल्या शेतात होमस्टे बांधायला कचरतो, कुणी परवानगी न घेता रिसॉर्टचा पाया खणतो आणि ग्रामपंचायत चुकीच्या दारात अर्ज घेऊन उभी राहते.

बफर बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २००६ मध्ये कलम ३८-व्ही आलं आणि व्याघ्र प्रकल्पाचे दोन भाग ठरले, आत कोअर, म्हणजे वाघांसाठी राखलेला गाभा, आणि भोवती बफर. ताडोबा-अंधारीचं कोअर साधारण ६२५ चौरस किलोमीटर आहे आणि २०१० मध्ये जाहीर झालेलं बफर साधारण ११०२. बफर हा व्याघ्र प्रकल्पाचाच भाग. म्हणजे जिथे व्याघ्र प्रकल्प नाही तिथे या अर्थाचं बफरही नाही. महाराष्ट्रात मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर हे सहाच व्याघ्र प्रकल्प आहेत. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान त्यात नाही, तरी घोडबंदर रोडच्या इमारतींच्या बातम्यांत “उद्यानाचा बफर झोन” सर्रास लिहिला जातो. तिथे आहे तो २०१६ मध्ये अधिसूचित झालेला इको-सेन्सिटिव्ह झोन. गोव्यातही अभयारण्यांभोवती इको-सेन्सिटिव्ह झोन आहेत, बफर नाही. म्हादई व्याघ्र प्रकल्प तीन महिन्यांत जाहीर करा, असा आदेश उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ ला दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथल्या चर्चेतही लोक ज्या बंधनांना घाबरतात, त्यातली बरीचशी इको-सेन्सिटिव्ह झोनमुळे आधीच लागू आहेत.

इको-सेन्सिटिव्ह झोन येतो पर्यावरण (संरक्षण) कायदा १९८६ मधून, कलम ३ आणि त्या कायद्याच्या नियमांतल्या नियम ५ खाली. तो केंद्र सरकार जाहीर करतं, तर बफर राज्य सरकार. या झोनला वाघ लागत नाही, अभयारण्यसुद्धा लागतंच असं नाही. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये इको-सेन्सिटिव्ह झाले, ते कुठल्या अभयारण्याची कड म्हणून नव्हे, तर त्या त्या ठिकाणाच्या स्वतःच्या महत्त्वामुळे.

आता खरी अडचण. लोक दोन्हींना “निर्बंधांचा पट्टा” समजतात. पण बफर मुख्यतः व्यवस्थापनाचा पट्टा आहे आणि इको-सेन्सिटिव्ह झोन जमीन-वापराच्या नियंत्रणाचा. कायद्यात बफरचा उद्देशच असा लिहिलाय की वन्यजीव आणि माणूस यांचं सहजीवन वाढावं आणि स्थानिकांचे उपजीविकेचे, विकासाचे, सामाजिक-सांस्कृतिक हक्क मानले जावेत. तिथलं जंगल वनविभाग व्याघ्र संवर्धन आराखड्याप्रमाणे सांभाळतो. मोठा प्रकल्प आणायचा तर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी लागते. पण तुमच्या सातबाऱ्यावरच्या खासगी जमिनीत घर बांधायला बफरची अधिसूचना आडवी येत नाही. पर्यटनासाठी प्राधिकरणाची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन, नव्या पर्यटन सुविधा कोअरमध्ये नाहीत आणि पर्यटनाचा ओघ हळूहळू बफरकडे वळवायचा, हा त्यांचा रोख. म्हणजे धोरणाच्या दृष्टीने बफर ही पर्यटन बंद करण्याची नव्हे, तर पर्यटन नेण्याची जागा आहे. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलीझंझा ही ताडोबाची बफर गेटं त्याच विचाराची.

इको-सेन्सिटिव्ह झोनची अधिसूचना मात्र थेट तुमच्या गट नंबरापर्यंत पोचते. तिच्यात एक तक्ता असतो आणि त्यात प्रतिबंधित, नियंत्रित आणि प्रोत्साहित अशा तीन प्रकारच्या कामांची यादी. अलीकडच्या अधिसूचनांत हा तक्ता बराचसा एकसारखाच दिसतो. व्यावसायिक खाणकाम, दगडखाणी, क्रशर, आरागिरण्या, वीटभट्ट्या आणि प्रदूषण करणारे उद्योग प्रतिबंधित. हॉटेल-रिसॉर्ट, व्यावसायिक बांधकाम, झाडतोड, रात्रीची व्यावसायिक वाहतूक, उद्यानावरून ड्रोन किंवा फुगे उडवणं हे नियंत्रित. सेंद्रिय शेती, पाणी साठवणं, सौरऊर्जा, कुटिरोद्योग प्रोत्साहित. चालू शेती, दूधधंदा आणि मासेमारी चालूच राहतात. जमिनीची मालकी बदलत नाही, शेत “जंगलात” जात नाही. हे प्रत्येक गावसभेत मोठ्याने वाचून दाखवायला हवं, कारण विरोधाची निम्मी धग याच गैरसमजातून येते.

हॉटेलांची ओळ तर शब्दशः समजून घ्यावी अशी आहे. संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १ किलोमीटरपर्यंत, किंवा झोन त्याआधी संपत असेल तर झोनच्या कडेपर्यंत, नवं व्यावसायिक हॉटेल वा रिसॉर्ट नाही. निसर्ग पर्यटनासाठीच्या छोट्या तात्पुरत्या रचना तेवढ्या चालतात. १ किलोमीटरच्या पुढे, झोनच्या शेवटापर्यंत, नवी पर्यटन सुविधा पर्यटन आराखड्याला धरून. व्यावसायिक बांधकामाची ओळ वेगळी आहे आणि तिला जोडलेली सवलत कुणीच वाचत नाही: स्थानिक रहिवाशांना स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या वापरासाठी, इमारत नियमांप्रमाणे बांधता येतं. या सवलतीत ज्या कामांचा हवाला दिलेला असतो त्यांत निसर्ग पर्यटनाला पूरक स्थानिक सोयींबरोबर होमस्टेचं नाव स्पष्ट छापलेलं असतं.

उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याची दोन एकर जमीन अभयारण्याच्या हद्दीपासून ७०० मीटरवर आहे, आणि ती बफरमध्येही आहे आणि झोनमध्येही. त्याच जमिनीवर बाहेरच्या कंपनीला तीस खोल्यांचं रिसॉर्ट बांधायचं असेल तर उत्तर “नाही”, आणि ते “नाही” झोनमुळे, बफरमुळे नव्हे. शेतकऱ्याला राहतं घर वाढवून त्यातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या असतील, तर वाट मोकळी आहे: ग्रामपंचायत, इमारत नियम, पर्यटन विभागाकडची नोंदणी. आता हीच जमीन हद्दीपासून १,३०० मीटरवर आहे असं धरा. मग रिसॉर्टचा प्रश्न “चालेल का” असा राहत नाही, “आराखड्यात बसतं का” असा होतो. आणि जमीन बफरमध्ये आहे पण झोनच्या बाहेर, अशी असेल तर हा तक्ता लागूच नाही. तिथे २०१२ ची तत्त्वं, अकृषिक परवानगी आणि इतर नेहमीचे कायदे पाहायचे. या चार उत्तरांत गल्लत झाली की लाखो रुपये मातीत जातात.

अंतर मोजताना सगळ्यात जास्त चुका होतात. १ किलोमीटर मोजायचा तो संरक्षित क्षेत्राच्या, म्हणजे राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याच्या हद्दीपासून. पर्यटन गेटपासून नाही, रस्त्यावरच्या “व्याघ्र प्रकल्पात आपले स्वागत” या फलकापासून नाही, बफरच्या बाहेरच्या कडेपासून तर नाहीच. रस्त्याने किती पडतं तेही कामाचं नाही, अंतर सरळ रेषेत धरतात. अधिसूचनेच्या शेवटी हद्दीचं वर्णन, नकाशे, अक्षांश-रेखांशांचा तक्ता आणि गावांची यादी अशी परिशिष्टं असतात. पहिल्यांदा यादीत गाव शोधा. पण गाव यादीत आहे म्हणजे गावचा प्रत्येक गट झोनमध्ये आहे असं नसतं, हद्द कधीकधी शिवारातूनच जाते. मग सातबारा आणि गाव नकाशा घेऊन गटाचे कोपरे जीपीएसने नोंदवा, त्या बिंदूंशी ताडून पाहा आणि वनविभागाकडून ते लेखी घ्या. “साहेब म्हणाले बाहेर आहे” या तोंडी आश्वासनावर उभं केलेलं बांधकाम पुढे कोर्टात टिकत नाही. झोनच्या अटी मोडल्या तर पर्यावरण कायद्याखाली १ एप्रिल २०२४ पासून १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. त्याआधी त्याला कैद होती.

दुसरा मोठा फरक पैशाचा, आणि तो कळायला शेजारी पाहावं लागतं. नेपाळने १९७३ च्या राष्ट्रीय उद्यान कायद्यात १९९३ मध्ये चौथी दुरुस्ती करून बफर आणलं आणि उद्यानाच्या उत्पन्नाचा ३० ते ५० टक्के वाटा तिथल्या लोकांच्या विकासासाठी कायद्यातच लिहून टाकला. तो खर्च कसा करायचा याचीही वाटणी ठरलेली आहे: संवर्धनाला ३०, सामुदायिक विकासाला ३०, उत्पन्नवाढीला २०, संवर्धन शिक्षणाला १० आणि प्रशासनाला १० टक्के. चितवन राष्ट्रीय उद्यानाचं बफर १९९६ पासून असं चालतं. आपल्याकडे केंद्राच्या कायद्यात असा टक्का नाही. गेटचं उत्पन्न व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे येतं आणि तिथून गावांपर्यंत. महाराष्ट्रात बफरमधल्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना २०१५ पासून आहे. नेपाळची रीत मला जास्त न्यायाची वाटते, कारण तिथे गावाला किमान किती मागायचं ते कायद्यानेच माहीत असतं. पण मुद्दा हा, की जो काही वाटा आहे तो बफरमुळे. इको-सेन्सिटिव्ह झोन अटी देतो, निधी देत नाही. झोनमध्ये आलेल्या पण बफरबाहेर राहिलेल्या गावाने “बफरचा निधी द्या” असा ठराव केला की तो फायलीत पडून राहतो.

बांगलादेशात याच्या उलट चित्र. तिथे सुंदरबनभोवतीचा १० किलोमीटरचा पट्टा आणि सेंट मार्टिन बेट १९९९ मध्ये “पर्यावरणदृष्ट्या संकटग्रस्त क्षेत्र” झाले, तेही १९९५ च्या पर्यावरण कायद्याखाली. म्हणजे आपल्या इको-सेन्सिटिव्ह झोनचं भावंड. सेंट मार्टिनवर दिवसाला २,००० पर्यटकांची मर्यादा आली ती याच वाटेने. श्रीलंकेने मात्र आपल्या झोनचं काम वन्यजीव कायद्यावरच सोपवलंय: राष्ट्रीय अभयक्षेत्राच्या हद्दीपासून एक मैलाच्या आत विकासकामाला वन्यजीव विभागाच्या महासंचालकांची आधी लेखी परवानगी. भारतात दोन्ही कायदे एकाच जमिनीवर एकावर एक येतात, म्हणून घोळही आपल्याकडेच जास्त.

लोकांना विचारण्याची रीतही वेगळी. बफरची हद्द ठरवताना ग्रामसभेशी सल्लामसलत कायद्यानेच सांगितली आहे. झोनच्या वेळी केंद्राच्या राजपत्रात मसुदा निघतो आणि हरकतींना ६० दिवस मिळतात. ते दिवस गावात कुणाला कळायच्या आत संपतात आणि मग अंतिम अधिसूचनेवर मोर्चे निघतात. त्या ६० दिवसांत गट नंबरासकट लिहिलेली एक हरकत नंतरच्या दहा मोर्च्यांपेक्षा कामाची.

बाकी गोंधळ किरकोळ आहेत. पश्चिम घाटाचं “पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र” त्याच १९८६ च्या कायद्यातलं असलं तरी निराळं, आणि २०२४ च्या जुलैअखेर त्याचा सहावा मसुदा निघाला. मसुदा म्हणजे अंतिम नव्हे. खारफुटीभोवतीच्या ५० मीटरलाही बफर म्हणतात, त्याचा वाघाशी काही संबंध नाही. सगळीकडे सरसकट १ किलोमीटरचा झोन हा सर्वोच्च न्यायालयाचा जून २०२२ चा आदेश होता; एप्रिल २०२३ मध्ये तो शिथिल झाला, १ किलोमीटरच्या आतली खाणबंदी कायम राहिली. पुढे कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १७ नोव्हेंबर २०२५ च्या निकालात व्याघ्र प्रकल्पांचे इको-सेन्सिटिव्ह झोन बफरलाही व्यापतील अशा दिशेने निर्देश आले. यापुढे दोन्ही थर एकाच गावावर पडण्याचं प्रमाण वाढेल, म्हणून कुठली अट कुठल्या कायद्यातली हे विचारायची सवय आत्ताच लावून घ्यावी.

दोन्हींत असलेल्या गावांनी दोन कागद मागावेत. बफरसाठी व्याघ्र संवर्धन आराखड्यातलं आपल्या गावाचं पान आणि ईडीसीचा, म्हणजे गावच्या इको-डेव्हलपमेंट समितीचा, जमाखर्च. झोनसाठी क्षेत्रीय महायोजना, म्हणजे झोनमधल्या जमीन-वापराचा आराखडा. ती अंतिम अधिसूचनेपासून साधारण दोन वर्षांत राज्याने स्थानिकांशी बोलून करायची असते आणि पर्यटन आराखडा तिचाच भाग असतो. ती रखडली की १ किलोमीटरच्या पुढचा प्रत्येक अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा विभागीय आयुक्तांच्या देखरेख समितीपुढे अडकतो किंवा हवा तसा वाकवला जातो. ती तयार होत असतानाच गावाने आपली पाण्याची टाकी, स्मशानभूमी, गायरान, जनावरांच्या वाटा आणि होमस्टेच्या जागा नकाशावर लिहून द्याव्यात. नंतर सुधारणा करून घेणं फार लांबतं.