तोफगोळ्याची न उघडता तपासणी

न फुटलेल्या, बंद तोफगोळ्याच्या पोटात स्फोटक आहे की विषारी रसायन, हे गोळा न कापता, न छेदता ठरवण्याच्या पद्धती. यांची खरी निकड बेल्जियममधील ईपर भागात कळते. पहिल्या महायुद्धातले गोळे तिथे आजही नांगराला लागतात. शेतकरी ते रस्त्याच्या कडेला ठेवतात आणि लष्कराचे निकामीकरण पथक ते पुलकापेलेच्या तळावर नेते. रंगाच्या खुणा गंजाने केव्हाच खाल्लेल्या असतात. नुसत्या स्फोटकाचा गोळा खड्ड्यात पुरून उडवता येतो. वायूचा गोळा तसा उडवला तर विष गावभर जाईल. म्हणून आधी ओळख पटलीच पाहिजे.

पहिले साधन क्ष-किरण. गोळा तिरका धरून छायाचित्र घेतात. आत द्रवरूप विष असेल तर त्याची पातळी आडवीच राहते, पण वितळवून ओतलेले, थिजलेले टीएनटी हे स्फोटक गोळ्याबरोबर तिरके होते. युक्ती साधी, पण फार मोलाची. जर्मन ‘निळा क्रूस’ गोळ्यांत आर्सेनिकयुक्त विषाची काचेची बाटली स्फोटकातच बसवलेली असे. तिचा आकार चित्रात दिसतो. मात्र द्रव आहे एवढे कळले, तरी तो मस्टर्ड की फॉस्जीन, म्हणजे कोणते युद्धविष, हे क्ष-किरण सांगत नाहीत.

ते काम न्यूट्रॉन करतात. अमेरिकेतील आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेने ‘पिन्स’ हे फिरते यंत्र यासाठीच घडवले. कॅलिफोर्नियम-२५२ या किरणोत्सारी पदार्थातून निघणारे न्यूट्रॉन पोलाद भेदून आत जातात. आतली मूलद्रव्ये आपापल्या ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण सोडतात आणि अतिथंड ठेवलेला जर्मेनियमचा शोधक ते मोजतो. हायड्रोजनचा किरण २.२२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, क्लोरीनचा एक ठळक किरण ६.११चा, नायट्रोजनचा १०.८३चा. टीएनटीच्या वजनात सुमारे १८.५ टक्के नायट्रोजन असतो. फॉस्जीनमध्ये तो नसतोच, क्लोरीन मात्र भरपूर. क्लोरीनच्या जोडीला गंधक दिसले, तर मस्टर्डचा संशय बळावतो. फॉस्फरस दिसला तर पेच पडतो, कारण तो धुराच्या गोळ्यातही असतो आणि मज्जाविषातही, म्हणजे मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या विषातही.

सर्वांत अवघड नायट्रोजनच. त्याची केंद्रके न्यूट्रॉन क्वचित पकडतात, त्यामुळे त्याचा किरण क्षीण असतो. शिवाय भोवतालच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहेच. म्हणून मोजणी घाईने उरकून चालत नाही, आणि नायट्रोजन दिसला नाही म्हणजे स्फोटक नाही, असे धरणे धोक्याचे. वायूच्या गोळ्यातही कवच फोडण्यापुरते स्फोटक असतेच.