डोळ्यांना आलं, हाताला नाही

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी नववीतली भाची मोबाईल घेऊन ओट्यावर बसली होती. खापरावरच्या मांड्यांचा एकच व्हिडिओ तिने दहा-बारा वेळा पाहिला आणि जाहीर केलं, “मामा, उद्या मी करते. येतं मला.” पाचातले किती जमतील, ते मी तिला वहीत लिहून ठेवायला सांगितलं. तिने लिहिलं : 4.

आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. माझी आई पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर असा खेळवते की सैल कणीक स्वतःच्याच वजनाने पसरत कोपरापर्यंत येते, मग उपड्या खापरावर अलगद उतरते. भाचीचा पहिला मांडा मनगटापाशीच फाटला, पुरण चुलीपुढच्या राखेत. आई हसून म्हणाली, “डोकाले समजनं, हातले नही समजनं.”

मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन या संशोधकांनी 2018 मध्ये जे प्रसिद्ध केलं, ते थोडक्यात आईचंच वाक्य. भांडी न हलवता टेबलावरचं कापड झटक्यात ओढण्याची करामत लोकांना दाखवली. 20 वेळा पाहणाऱ्यांना ‘हे मला जमेल’ असं एकदाच पाहणाऱ्यांपेक्षा जास्त वाटलं. बाण फेकण्यासारख्या खेळांत प्रत्यक्ष हात आजमावला, तेव्हा जास्त वेळा पाहिल्याचा काही फायदा दिसला नाही. मला आवडला तो पुढचा भाग. दांडके हवेत झेलण्याचा खेळ पाहिल्यावर काहींना ते दांडके नुसते थोडा वेळ हातात धरायला दिले, आणि त्यांचा फाजील विश्वास उतरला. पडद्यावर पायऱ्या दिसतात. वजन आणि ताण दिसत नाही. कणीक केव्हा फाटायला आली, हे कळतं ते मनगटाच्या कातडीला.

पुस्तकापुढे बसल्यावरही हीच फसगत होते, फक्त तिथे काही राखेत पडत नाही म्हणून लक्षात येत नाही. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चारदा अभ्यासायला दिला. दुसऱ्याने तो एकदाच अभ्यासला आणि तीनदा, न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पहिला गट पुढे होता : 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने पहिला 40 वर घसरला, दुसरा 61 वर टिकला. आणि ‘पुढे चांगलं लक्षात राहील’ अशी जास्त खात्री कोणाला होती? चारदा वाचणाऱ्यांना! परीक्षेच्या आदल्या रात्री धडा डोळ्यांखालून घालणाऱ्या पोराला वाटतं, झालं पाठ. ओळखीचं वाटणं आणि आठवणं यांत तो गल्लत करतो.

आता हे पंधरा वर्षांच्या पोराला समजावून सांगायचं, म्हणजे पुन्हा व्हिडिओच दाखवायचा. त्यापेक्षा खेळ लावावा. आम्ही फडक्यात सरकी बांधून पुरचुंड्या केल्या आणि अंगणात खडूने गोल आखला. एका गटाने तीन फुटांवरूनच फेकायचं, दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून. शेवटी सगळ्यांची परीक्षा तीन फुटांवर. केर आणि बूथ यांनी 1978 मध्ये 8 वर्षांच्या मुलांवर असाच प्रयोग केला होता, आणि ज्यांनी तीन फुटांवरून एकदाही सराव केला नव्हता तीच मुलं परीक्षेत सरस ठरली. अंतर बदललं की हाताला दर वेळी जोर नव्याने ठरवावा लागतो. आमच्या अंगणात निकाल इतका स्वच्छ लागला नाही (दोघं भावंडं गोट्यांत तरबेज होती, त्यांनी सगळं गणित बिघडवलं), पण हरलेल्या गटाने आपणहून विचारलं, “मग आम्ही गणितं पण एकाच प्रकारची ओळीने सोडवतो, ते चुकतं का?” बहुतेक वेळा, हो.

‘हा बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी’ अशी लेबलं मात्र लावू नयेत. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये त्यामागचे पुरावे तपासले. त्या वाटण्यांप्रमाणे शिकवावं, इतका भक्कम आधार त्यांना सापडला नाही.

भाचीच्या वहीत आता तीन रकाने आहेत : अंदाज, झाले, काय बिघडलं. आखाजीच्या ओळीत 4, मग 1, मग ‘कणीक घट्ट, मी घाई केली’. त्याखालची ओळ दोन दिवसांनंतरची, कोणी न सांगता लिहिलेली : अंदाज 2, झाले 2. तिसऱ्या रकान्यात फक्त हळदीचं बोट उमटलंय.